माणूस नको, काम माग

पोरी, सोमवारपासून माझ्या बाकड्यावर तू बसणार. टाइपरायटर तुला नको असेल, हे मी धरूनच चाललो आहे. लॅपटॉप आण, पण बाकडं कडुनिंबाखालून हलवू नकोस. कोर्टाच्या फाटकातून बाहेर पडलेला माणूस आधी सावली पाहतो, मग अर्जनवीस.

११ वर्षं अकोल्यात आणि २८ वर्षं अमरावतीत मी लोकांचे अर्ज लिहिले. त्यातले कितीतरी पोलिसांच्या दप्तरातल्या कागदांसाठी होते. कुणाला एफआयआर हवा, कुणाला पंचनामा, कुणाला शेजाऱ्याची ‘हिस्ट्री’. काम दिसायला सोपं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं, खाली सही नाहीतर अंगठा घेतला, झालं. पण पोलिसांच्या कागदात नेहमी दोन माणसं असतात. एक तो मागणारा, दुसरा त्यात लिहिला गेलेला. पहिला आपल्यासमोर बसलेला असतो आणि आपले पैसे तोच देतो. दुसरा दिसत नाही. तो दिसायला मला बरीच वर्षं लागली. तुला तेवढी लागू नयेत म्हणून हे लिहून ठेवतोय.

अर्जदार टेकला की लगेच लिहायला घेऊ नकोस. आधी विचार, “कागद कायले पायजे?” माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारता येत नाही, पण ते बंधन ठाणेदारावर आहे, आपल्यावर नाही. “इमा कंपनीले द्याचा हाय” म्हणाला तर पेन उघड. “त्याले दाखवतो आता” म्हणाला तर त्याच्यासाठी चहा सांग आणि त्याला बोलू दे. चहा संपेपर्यंत पुष्कळांचा अर्ज बदलतो.

मग बघ, हा कागद त्याला माहिती अधिकाराशिवायच मिळायला हवा का. फिर्यादीला एफआयआरची प्रत फुकट मिळते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. आपल्याच घराची कडी आपण वाजवत नाही, तसं हे. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं, हे नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये लिहिलंय. त्यासाठी साधा अर्ज पुरतो. कलम टाक आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय माणसाला घरी जाऊ देऊ नकोस. आरोपीला दोषारोपपत्राचा गठ्ठा कोर्टातून मिळतो, हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, बिनपैशाचा. वकील लावला असेल तर पीडितालाही मिळतो. लोक पानाला २ रुपये मोजायला निघतात, त्यांना आधी त्या कोर्टाचा रस्ता दाखव.

तिऱ्हाइताला काय मिळतं? एफआयआर मिळतो, तोही घरबसल्या. यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात ७ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाका, दुर्गम भाग असेल तर फार तर ७२ तास. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआरचा भाग आहे. जिल्हा, ठाणं, तारीख टाकली की यादी येते. पुण्यात कामाला गेलेल्या धारणीच्या पोराला गावातल्या भांडणाचा एफआयआर तिथून वाचता येतो. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद असले एफआयआर मात्र वर चढवायचे नसतात, आणि ‘हा संवेदनशील आहे’ हे ठरवणारा अधिकारी किमान उपअधीक्षक दर्जाचा लागतो. दोषारोपपत्राचं तसं नाही. ते सगळ्यांसाठी खुलं करा, अशी मागणी सौरव दास यांनी केली होती. २० जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती फेटाळली. बरं केलं, असं माझं मत. दोषारोपपत्रात साक्षीदाराचं नाव, गाव आणि तो त्या रात्री कुणाच्या घरी होता, हे सगळं असतं. एखाद्या वेळी त्या घरात तो का होता, हेही असतं.

निर्दोष सुटलेला माणूस आला तर त्याला सांग, निकालाच्या सही-शिक्क्याच्या ३ नकला काढून ठेव. एक घरी, एक वकिलाकडे, एक लेकीच्या सासरी. एफआयआर मोबाइलवर सापडतो, सुटल्याचा कागद मात्र ज्याचा त्याने खिशातून काढावा लागतो.

आता एक गोष्ट माझ्या चुकीची. मोहोळ उठवून घेतल्यासारखी झाली होती.

दर्यापूरकडची एक कास्तकारीण होती. नवऱ्याने विष घेतलं होतं. २००६ पासून शासन आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देतं, पण प्रकरण समितीपुढे ‘पात्र’ ठरलं तर. हिचं अपात्र ठरलं होतं. का, ते कुणी सांगेना. मी तिच्या नावाने अर्ज लिहिला: मर्ग खबरी, मरणोत्तर पंचनामा, साक्षीदारांचे जबाब आणि पीएम रिपोर्ट, प्रत्येकी एक प्रत. बाविसाव्या दिवशी लिफाफा आला. बियाण्याच्या रिकाम्या थैलीत घालून ती तो घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. मी चष्मा लावला आणि माझ्या या कोर्टातल्या आवाजात वाचायला लागलो. तिसऱ्या पानावर तिच्या दिराचा जबाब होता. ‘मयतास दारूचे व्यसन होते व त्यावरून घरात नेहमी वाद होत असत.’

दीर तिच्या मागेच उभा होता. आजूबाजूला आठ-दहा माणसं. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला, तो ऐकण्यासाठीच. ती बाई मान वर न करता म्हणाली, “अजून वाचा.” मी वाचलं. दीर म्हणत राहिला, “म्या असं नाही म्हटलं वयनी, त्यायनं लिवलं, म्या सही केली.” खरं काय ते मला आजवर ठाऊक नाही. त्या कुटुंबाचे बँकेच्या नोटिशीचे कागद, दुबार पेरणीचा तलाठ्याचा दाखला जोडून आम्ही वर अर्ज केला, फेरचौकशी झाली, पैसेही मिळाले. पण तो दीर पुन्हा त्या घरी जेवायला बसला नाही. तिनेच नंतर सांगितलं, तुरी विकायला आली होती तेव्हा.

त्या कागदावर तिचा पुरता हक्क होता. चहाच्या टपरीचा अजिबात नव्हता. कलमं मी चोख लावली होती आणि चूक माझ्या घशाने केली. म्हणून सांगतो, आलेला कागद आधी तोंडातल्या तोंडात वाच. मग ज्याचा आहे त्याला बाजूला घे, हापशीपाशी, झेरॉक्सच्या दुकानामागे, कुठेही. सोबत आलेल्या माणसाला पान आणायला पाठव. आणि ज्यांच्या घरी असा प्रसंग झाला त्यांना आधीच बजाव, जबाबावर सही करण्याआधी तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा. ‘दारू’ किंवा ‘घरगुती वाद’ एवढ्या एका शब्दावर लाखाची फाइल परत गेलेली मी पाहिली आहे.

आता अकोल्याचा दाखला. हा तुला पाठ असायला हवा, कारण देशभरात त्याच्या आधाराने अर्ज फेटाळले जातात आणि अकोल्यातल्याच पुष्कळांना तो आपल्या गावचा आहे हे माहीत नसतं.

२७ ऑगस्ट २००८ ला गिरीश देशपांडे यांनी भविष्य निर्वाह निधी आयुक्तांकडे अर्ज केला. माहिती हवी होती ती अकोल्याच्या उपप्रादेशिक कार्यालयात काम केलेल्या एका प्रवर्तन अधिकाऱ्याची. प्रवर्तन अधिकारी म्हणजे कामगाराच्या पगारातून कापलेला फंड मालकाने भरला का, हे दालमिलमध्ये, जिनिंगमध्ये जाऊन तपासणारा माणूस. अंगावर खाकी नसली तरी काम कायदा राबवण्याचंच. अर्जात नेमणूक, बढती, पगार होतेच. शिवाय त्याला मिळालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, झालेली शिक्षा, मालमत्ता, गुंतवणूक, आणि मुलाच्या लग्नात आलेला आहेर. आहेर! वऱ्हाडात लग्नाच्या आहेराची वही घरची म्हातारी ट्रंकेत तळाला ठेवते, पुढच्या लग्नात परतफेड किती करायची ते पाहायला. ती वही माहिती अधिकारात मागितली गेली.

थोडी माहिती मिळाली, बाकीची ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारली गेली. आयोग, उच्च न्यायालय असं करत प्रकरण दिल्लीला गेलं आणि ३ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने नकार कायम केला. मेमो नि शिक्षा ही नोकर आणि त्याला नोकरीवर ठेवणारा यांच्यातली बाब. प्राप्तिकराची विवरणपत्रं वैयक्तिक. मोठं सार्वजनिक हित अर्जदाराने दाखवलं नाही, म्हणून मिळणार नाही. कलम ८(१)(ञ). आपल्याकडे सगळे त्याला ‘आठ एक जे’ म्हणतात, तूही तसंच म्हण, नाहीतर खिडकीवरचा बाबू गोंधळतो.

मला निकाल अर्धा पटतो. आहेराच्या पाकिटात कधी कधी लाच असते हे खरं, पण ते उघडून पाहायला लाचलुचपत खातं आहे; ती वही गावाने वाचायची नसते. मात्र कायदा राबवणाऱ्या माणसाला त्याच्या कामातल्या कसुरीबद्दल शिक्षा झाली की नाही, हे त्याची खासगी बाब कशी, हे मला आजही कळत नाही. माझ्या मताने आयोग चालत नाही म्हणा.

पण या दाखल्यातून मी एक उचललं आणि त्यावर नंतरची सगळी वर्षं काढली. अर्जात माणसाचं नाव पुढे आलं की दार लागतं. म्हणून माणूस मागू नकोस, काम माग. ‘अमुक जमादाराची चौकशी फाइल द्या’ असं लिहिलं की आठ एक जे ठरलेलं. त्याऐवजी असं लिही: ‘दिनांक अमुक रोजी दिलेल्या तक्रारीवर, आवक क्रमांक अमुक, आजपर्यंत झालेल्या कारवाईच्या टिप्पणीची प्रत, सदर तक्रार कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे किती दिवस प्रलंबित होती त्याचा तपशील, निकाली काढली असल्यास आदेशाची प्रत.’ यात कुणाचं लग्न येत नाही, कुणाची बायको येत नाही, आणि ज्याने तक्रार सहा महिने टेबलाखाली दाबली तो आपोआप उजेडात येतो. शेवटी ‘अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी द्यावी’ हे एक वाक्य टाक. फाइल समोर बसून पाहिली की कोणतं पान मागायचं ते कळतं, गठ्ठ्याचे पैसे वाचतात.

हे सगळं १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, महाराष्ट्राच्या नियमात तसं आहे, २०१२ पासून. आधी मला राग आला होता. आमचे अर्ज म्हणजे ‘मेहरबान साहेब, अर्जदार हा गरीब कास्तकार असून’ इथपासून सुरू होणारे. पण दीडशे शब्दांच्या कुंपणाने माझी भाषा सुधारली, हे कबूल करतो. आपल्या गिऱ्हाइकाचं भांडण, जात, भाऊबंदकी, सगळा फापटपसारा अर्जातून बाहेर गेला. तोही शेवटी पोलिसांच्या दप्तरातच जमा होत होता.

१४ नोव्हेंबर २०२५ पासून मात्र ते दार आणखी जड झालंय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आठ एक जे बदललं. आधीच्या कलमात निदान कसोटी होती. माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यावर विनाकारण घाला येत असेल, तरच नाकारायची. आणि जी माहिती संसदेला, विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं शेपूट होतं. आता कसोटीही गेली, शेपूटही गेलं. माहिती वैयक्तिक आहे, एवढं म्हटलं की झालं. पोलिसांच्या दप्तरात कोणत्या पानावर कुणाचं नाव नसतं? उद्या स्टेशन डायरीचं पानही वैयक्तिकच. अब्रू जपायला म्हणून आणलेली चादर साहेब लोक स्वतःवर ओढून घेतील, अशी मला भीती आहे.

तरी दोन खुंट्या शिल्लक आहेत. एक कलम ८(२): सार्वजनिक हित नुकसानापेक्षा मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. दुसरी कलम १०: देता न येणारा भाग काळा करून उरलेला द्यायचा. पूर्वी आपण ही कलमं अपिलात काढायचो. आता पहिल्याच अर्जात दोन ओळी टाक, सार्वजनिक हित काय ते मोजक्या शब्दांत, आणि ‘तिऱ्हाइतांची नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक खोडून प्रत चालेल’ असं आपणहून लिही. या ओळीने अधिकाऱ्याचा निम्मा बहाणा मोडतो, शिवाय आपल्यालाही ती नावं खरोखर नको असतात.

‘तपास चालू असल्याने देता येत नाही’ हे उत्तर छापील असल्यासारखं येतं. आठ एक एच. तपास चालू आहे एवढं पुरत नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ सालीच म्हटलंय. अपिलात तेवढंच लिही. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. आपल्या विभागातल्या पाचही जिल्ह्यांचं माहिती आयोगाचं खंडपीठ अमरावतीतच आहे, अकोल्याच्या माणसाला सकाळची गाडी धरून संध्याकाळी घरी जाता येतं.

ठाण्यात मारहाण झाली असं सांगणारा आला तर कॅमेऱ्याचं चित्रण त्याच आठवड्यात माग. २ डिसेंबर २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि १८ महिन्यांपर्यंत साठवण सांगितलीय, सोय नसेल तर किमान एक वर्ष. पण डिस्कचा भरवसा धरू नये. पहिल्या अर्जात प्रत मागूच नकोस, ‘दिनांक अमुक, वेळ अमुक ते अमुक, हे चित्रण पुसू नये’ एवढंच लिहून पोच घे. प्रत नंतर कोर्टातून मागवता येते. त्या चित्रणात त्याच रात्री नवऱ्याने मारलं म्हणून आलेली एखादी बाईही बाकावर बसलेली असू शकते, हे अधिकारी म्हणेल आणि त्याचं खोटं नसेल.

आता ती गोष्ट, जी तुझ्या मामीलाही मी पुरती सांगितलेली नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी मूर्तिजापूरकडचा एक माणूस आला. पांढरी टोपी, बोलण्यात साखर. भाच्याची सोयरिक जुळत आली होती. “पोरगी तीन सालाआधी दोन दिवस मिसिंग होती म्हंतेत. खरं का खोटं, तेवढा कागद काढून द्या ना भाऊ.” मी विचारलं, कायले? तो म्हणाला, पोट्ट्याच्या जिंदगीचा सवाल हाय. मला ते पटलं, हे सांगायला लाज वाटते. पोराच्या आयुष्याचा प्रश्न मला दिसला. पोरीचा दिसला नाही, कारण ती बाकड्यावर बसलेली नव्हती.

अर्ज लिहिला. मुदतीत उत्तर आलं, माहिती वैयक्तिक, नाकारण्यात येते. उत्तर अगदी बरोबर होतं. पण मधल्या दिवसांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. अर्जामुळे ती जुनी फाइल कपाटातून टेबलावर आली, टेबलावरून कुणाच्या तरी तोंडात गेली, तोंडातून पानठेल्यावर. कागद बाहेर पडला नाही, गोष्ट पडली, आणि कागदावर होती त्यापेक्षा चार ओळी जास्त घेऊन पडली. सोयरिक मोडली. पुढे कधीतरी कळलं की पोरगी बारावीत नापास झाली म्हणून मावशीकडे निघून गेली होती. दोन दिवसांनी बापच जाऊन घेऊन आला.

तेव्हापासून सोयरिकीच्या चौकशीचा अर्ज या बाकड्यावर लिहिला जात नाही. पाचशे देतो म्हणाला तरी नाही. समोरच्या बाकड्यावर लिहून देतात, त्यांना लिहू दे. बाईवरच्या अत्याचाराचं प्रकरण असेल तर अर्जाच्या विषयातसुद्धा तिचं नाव लिहायचं नाही, गुन्हा क्रमांक लिहायचा. ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालाने ते मेलेल्या बाईलाही लागू केलंय. गावाचं नाव, नवऱ्याचं नाव, शाळेचं नाव यांनीही ओळख पटतेच, हे ध्यानात ठेव.

याच्या उलट जो मत मागायला उभा राहिला, त्याचे गुन्हे सगळ्यांनी वाचावेत. आमदारकी-खासदारकीच्या उमेदवाराला शपथपत्रात दाखल गुन्हे लिहावे लागतात, ते उघड असतं. तिथे कुणी अब्रूचं बोलला तर हसून घे.

आपल्याकडचा एक समाज असा आहे, की ज्याचं नाव पोलिसांच्या वहीत त्याच्या जन्माआधीच लागलेलं असायचं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, फासेपारध्यांना त्यात अडकवलं, हजेरी लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. वहीची सवय मात्र लवकर गेली नाही. चोरी कुठेही होवो, जीप पारध्यांच्या बेड्यावर येणार. दोनेक वर्षांपूर्वी नांदगाव खंडेश्वरकडचा एक फासेपारधी तरुण आला. पदवी घेतलेली, सुरक्षा रक्षकाची नोकरी लागत होती, चारित्र्य पडताळणीचा दाखला अडकला होता. त्याला कुणीतरी तोंडी म्हटलं होतं, तुझ्या बापाच्या हिस्ट्रीशीटवर तुझं नाव आहे. हिस्ट्रीशीट उघड्यावर मांडायचा कागद नाही, तो पोलिसांच्या आतल्या कामाचा आहे, आणि त्यात लहान पोरांची नावं गोवायची नाहीत, असं ७ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अमानतुल्ला खान यांच्या प्रकरणात सांगितलं होतं, आणि इतर राज्यांनीही ते मनावर घ्यावं असं म्हटलं होतं. आम्ही बापाची शीट मागितली नाही. एवढंच विचारलं, ‘अर्जदाराचे स्वतःचे नावे कोणत्या नोंदवहीत काय नोंद आहे त्याची प्रत.’ उत्तर एका ओळीचं आलं: ‘आपले नावे कोणतीही नोंद आढळून येत नाही.’ नोंद आधीपासून नव्हती, की अर्ज पाहून काढली, देव जाणे. त्याने ती ओळ लॅमिनेट करून घेतली. पाकिटात मावत नव्हती, तर कडा कापून मावेल अशी केली.

स्वतःची नोंद मागायला लोक घाबरतात, आणि दुसऱ्याची मागायला धावतात. तू पहिल्यांना बळ दे.

कधी उलटं टपालही येईल. कुणाला पोलिसांकडून पत्र येतं की अमुकने तुमच्याविषयी माहिती मागितली आहे, तुमचं म्हणणं सांगा. कलम ११. लोक घाबरून ते पत्र देव्हाऱ्यात ठेवतात. १० दिवसांचीच मुदत असते. त्याच दिवशी हरकत लिहून दे.

एका ठिकाणी मात्र माझ्याकडे तुला द्यायला मंत्र नाही. २५ मार्च २०२१ ला हरिसालच्या वनाधिकारी बाईंनी सरकारी निवासस्थानी जीव दिला. नाव लिहीत नाही, साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. वरिष्ठाच्या जाचाबद्दल त्यांनी लिहिलेलं पत्र मोबाइलवरून मोबाइलवर गेलं. खरं तर तो तपासातला कागद. दुसऱ्याच दिवशी त्या वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक झाली. पत्र कपाटात राहिलं असतं तर इतक्या लवकर झाली असती का, मला शंका आहे. आणि त्याच पत्रातलं त्यांचं घरचं, अंगावरचं दुःख मेळघाटापासून मूर्तिजापूरपर्यंत प्रत्येक हॉटेलात भज्यांबरोबर वाचलं गेलं. एक जण माझ्याकडे त्याच्या पाच प्रती काढायला आला. मी दिल्या नाहीत. पण माझ्या मोबाइलवर ते होतं आणि मी वाचलं होतं. अर्ध्यावर थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

शेवटचं काम घरचं आहे. माळ्यावर हिरवी ट्रंक आहे, तिला कुलूप नाही. त्यात माझ्या अर्जांच्या स्थळप्रती आहेत, अकोल्यापासूनच्या. मी त्या मिरवण्यासाठी ठेवल्या, दुसरं कारण नाही. कोण कुणाची तक्रार करायला आला, कुणी कुणाची नक्कल मागितली, सगळं तिथे आहे. पोलिसांकडे नसेल एवढं. ती मूर्तिजापूरची प्रतही त्यातच असणार. ज्यांची प्रकरणं अजून चालू आहेत अशा ११ जणांच्या प्रती मी वेगळ्या काढून रबर लावून ठेवल्या आहेत, त्या ज्याच्या त्याला पोचव. बाकीचं रद्दीवाल्याला द्यायचं नाही, तो त्याच्या पुड्या बांधायला विकतो. रविवारी ये, दोघं मिळून फाडू. खाली कार्बन पेपरांची चळत आहे, ती विसरू नकोस. कार्बन उजेडात धरला की अक्षरं सगळी वाचता येतात. कात्री माझ्याकडे एकच आहे, तुझी घेऊन ये.